जुनापाणीचे गोटे

पुण्याच्या नारायण पेठेत जुनं म्हणजे पेशवाई. त्याआधीचं काही असेल तर ते पुराणातलं, असा आमचा पक्का समज. तो घेऊनच मी नागपूरच्या लग्नाला गेलो. लग्न झकास झालं, सावजी रश्श्याने पोटाची वाट लावली, आणि मग रिक्षा करून काटोल रस्त्याने जुनापाणी गाठलं.

पहिल्या नजरेत निराशाच. इथे स्टोनहेंजसारखं आभाळाला भिडलेलं काही नाही. माळावर काळ्या धोंड्यांची ठेंगणी वर्तुळं, सुमारे ३००. प्रत्येक वर्तुळ म्हणजे लोहयुगातलं दफन: धोंड्यांचं कडं, आत माती-मुरमाची भर.

"पुण्याहून गोटे पाहाले आले जी?"

शेळ्या राखणारे एक आजोबा विचारत होते. मी हो म्हणताच त्यांनी माझी पाण्याची बाटली मागितली. तहान लागली असेल म्हणून दिली, तर त्यांनी ती सरळ एका धोंड्यावर रिकामी केली! ओल्या दगडावर उथळ खळगे उमटले, ओळीने, बोटाचं टोक बसेल एवढे. त्याआधी मी त्याच धोंड्याला टेकून फोटो काढत होतो.

नागपुरात नोकरीला असलेल्या रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यालाही या खळग्यांनी खिळवलं. १८७९ मध्ये त्याने त्यांच्यावर लिहिलं, युरोपातल्या दगडांवरच्या खळग्यांशी तुलनाही केली. ते कशासाठी कोरले यावर अजून एकमत नाही. काही अभ्यासकांना त्यात दिशांचा हिशेब दिसतो. जवळच्या माहूरझरीला नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी खणलं, तेव्हा घोड्यांची हाडं आणि तांब्याचे साज निघाले. धन्याबरोबर घोडाही पुरायचे! नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली.

जुनापाणीला केंद्र सरकारचं संरक्षण आहे. विदर्भातली कितीतरी वर्तुळं मात्र शेतात, खाणीत, प्लॉटांखाली गेली.

"भावाच्या वावरात होते असेच," आजोबा म्हणाले. "ट्रॅक्टरनं ओढून धुऱ्यावर टाकले."

मला चीड आली. पण वाडा पाडून इमारतीला वाड्याचंच नाव देणाऱ्या पेठेतला मी, बोलणार काय?

"टाकायचे नव्हते," एवढंच म्हणालो.

"मंग तेवढं वावर पडीक ठेवाचं? त्याचे पैसे कोन देते जी?"

माझ्या रिक्षावाल्याने जोरात मान डोलावली. त्याचंही गावाकडे तीन एकर होतं.