चुंबक चिकटला म्हणजे पैसे खाल्ले?

गेल्या आठवड्यात आपल्या तालुक्यात एक व्हिडिओ ग्रुपवर ग्रुप फिरला. शाळेच्या पोषण आहाराच्या वाट्या, वाटीला लावलेला चुंबक आणि मागून आवाज, "बघा, चिकटतोय! डुप्लिकेट माल. पैसे खाल्ले." वाट्या पुरवल्या होत्या एका महिला बचत गटाने. दोन दिवसांत त्या ताईंना बाजारात अडवून लोक हिशोब विचारायला लागले. मला फोनवर फोन, "साहेब, बातमी कधी लावताय?"

लावली नाही. का, ते सांगतो.

स्टेनलेस स्टील म्हणजे क्रोमियम मिसळलेलं लोखंडच. चुंबक चिकटेल की नाही, हे आतले अणू कसे रचलेत यावर ठरतं. ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेलमुळे आतली रचना 'ऑस्टेनाइट' राहते, तिला चुंबक धरत नाही. पण तोच पत्रा प्रेसखाली ओढून वाटी काढली की ताण पडलेल्या जागी रचना बदलून 'मार्टेन्साइट' होते आणि ती चुंबकाला धरते. माल तोच, निकेल तेवढंच. घरी करून बघा. अशा वाटीच्या बुडाला चुंबक बहुधा लागत नाही, काठाला मात्र हलकासा ओढ घेतो.

आता उलटी बाजू. २०१, २०२ ग्रेडमध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज घालतात. माल स्वस्त, मीठ-आंबटाने डाग लवकर. पण कोऱ्या पत्र्याला चुंबक चिकटत नाही! म्हणजे या परीक्षेत हलका माल पास. आणि ४३० ग्रेडला चुंबक घट्ट चिकटतो, तरी तेही अस्सल स्टेनलेसच.

एकाने विचारलं, "चुंबक लावल्यानेच स्टील बदलत असेल तर?" प्रश्न वेडा नाही. १९६०च्या दशकात सोव्हिएत संघात सादोव्स्की आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं. पोलाद थंड होताना जबरदस्त चुंबकीय क्षेत्र लावलं, तर चुंबकाला धरणारी रचना थोड्या जास्त तापमानालाच बनायला लागते, कारण त्या क्षेत्रात तीच रचना जास्त स्थिर असते. पण त्याला लागणारी ताकद अशी की एमआरआय मशीनचे दीड-तीन टेस्लाही तिथे थोडके पडतात. व्हिडिओतला चुंबक वाटीचं काही बिघडवत नाही. माणसाचं नाव मात्र बिघडवतो.

मग बातमी कुठे आहे? खरेदीच्या कागदात. मी तो मागून वाचला. "उत्तम प्रतीचे स्टेनलेस स्टील" एवढंच लिहिलंय. ग्रेड नाही, जाडी नाही, वजन नाही. स्टीलच्या भांड्यांसाठी आयएस १४७५६ हे मानक आहे, केंद्राने २०२४ मध्ये त्यासाठी गुणवत्ता आदेशही काढला. कागदात त्याचं नावसुद्धा नाही. अशा ऑर्डरवर कुणी काहीही दिलं तरी "उत्तम प्रत" म्हणून खपतं. ही ऑर्डर बचत गटाने लिहिलेली नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. एक वाटी प्रयोगशाळेत पाठवा. क्रोमियम, निकेल, मँगनीज किती ते आकड्यात कळेल. माल हलका निघाला तर नावानिशी बातमी लावीन, पुरवणारा कुणीही असो. तोवर त्या ताईंना चोर म्हणू नका.

आणि आपापल्या गावच्या शाळेची खरेदी ऑर्डर मागून बघा. ग्रेड लिहिलाय का, ते खाली कमेंटमध्ये टाका.