सबाय दी माय, प्रचुआप?

थायलंड म्हटलं की आपल्या डोक्यात एक रेडिमेड पॅकेज असतं. तीन रात्री पट्टाया, दोन रात्री बँकॉक, शॉपिंग, मसाज, रिटर्न. पण बॉस, बँकॉकहून रस्त्याने सुमारे २८० किलोमीटर दक्षिणेला, हुआ हिनच्याही पुढे, प्रचुआप खिरी खान नावाचं एक छोटं शहर आहे. प्रांताचं मुख्य ठिकाण, त्यामुळे शाळा, कचेऱ्या, रेल्वे स्टेशन सगळं आहे. नाइटलाइफ म्हणाल तर नावापुरती. इथे लोक नुसते राहतात, आणि आपण दिवसभर तेच बघायचं.

सोबत माझी कॉलेजची मैत्रीण होती. पुण्यात आयटीत आहे. टीम लीडची ऑफर आलेली, सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. पगार झक्कास वाढणार होता, पण अमेरिकेच्या वेळेचे रात्रीचे कॉल्सही वाढणार होते.

आपण सूर्याला समुद्रात बुडताना बघत मोठे झालेली माणसं. हे शहर मात्र थायलंडच्या आखातावर, पूर्वेला तोंड करून बसलंय. सूर्य इथे समुद्रातून वर येतो आणि सगळ्यांचं घड्याळ त्याच्यावर लागतं. उजाडता उजाडता भिक्षू अनवाणी भिक्षेला निघतात. गाडीवर पाथोंग्को तळले जात असतात. दोन काड्या चिकटवल्यासारखी ही तळलेली जोडपुरी सोया दुधात बुडवून खायची. आठ वाजता स्टेशनवर राष्ट्रगीत लागतं, प्लॅटफॉर्मवरचे सगळे जागच्या जागी थांबतात आणि संपलं की पुन्हा चालू पडतात.

किनाऱ्यावर जाळीच्या ताटव्यांवर माकूळ वाळत घातलेलं. थेट आपल्या वर्सोव्याच्या बोंबलांची आठवण! वासासकट.

आणि मग दुपार. रस्ते रिकामे, दुकानात पंखा लावून मालकीणबाई आडव्या. पुण्याच्या ‘१ ते ४’वर विनोद करणारे आपण! पण ज्यांचा दिवस अंधारात सुरू झालाय, त्यांनी उन्हात कशाला राबायचं? हा आळस नाही, हे टाइमटेबल आहे.

आम्ही आओ मनाओला गेलो. मनाओ म्हणजे लिंबू. हा बीच चक्क थाई हवाई दलाच्या तळाच्या आत आहे! गेटवर नाव लिहायचं, धावपट्टी ओलांडायची, की समोर अर्धचंद्राकृती निळं पाणी. थाई कुटुंबं अंगभर कपड्यांत डुंबत होती, आपल्या चौपाटीवरच्या मावश्यांसारखी. शेजारच्या झाडांवर डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं असलेली डस्की लंगुरं आणि त्यांची केशरी पिल्लं.

याच जागी ८ डिसेंबर १९४१ ला जपानी सैन्य उतरलं होतं. तळावरचे थाई वैमानिक आणि सैनिक दुसऱ्या दिवशी लढाई थांबवायचा हुकूम येईपर्यंत लढत राहिले. तळावर त्यांचं स्मारक आहे. आधी तिथे दोन मिनिटं थांबलो आणि मगच छत्रीखाली पसरलो.

तेवढ्यात मैत्रिणीचा फोन वाजला. ऑफिस. तिने उचलला नाही, पण चेहरा पडलाच.

“हो म्हणाले तर आई खूश, नाही म्हणाले तर मी खूश,” ती म्हणाली.

“अगं, मधलं काहीच नाही का?”

ती गप्प. मीही जास्त खोदलं नाही.

ऊन उतरल्यावर खाओ चोंग क्राचोक या टेकडीच्या ३९६ पायऱ्या चढलो. दम लागतो, पण वरून उपसागरांची रांग दिसते. खाली अख्खं शहर पुन्हा बाहेर पडलं होतं: सायकली, जॉगिंग, शाळेची पोरं.

थाई लोक ‘कशी आहेस?’ असं विचारताना ‘सबाय दी माय?’ म्हणतात. सबाय म्हणजे निवांत, बरं वाटणारं. आणि ‘जेवलीस का?’ हा प्रश्न तिथेही आपल्यासारखाच ख्यालीखुशालीचा!

रात्री समुद्राकाठच्या बाजारात भाजलेलं माकूळ आणि झणझणीत हिरवी चटणी. क्षितिजावर माकूळ पकडणाऱ्या बोटींचे हिरवे दिवे. कुणाची तरी नाइट शिफ्ट सुरू झाली होती. “पण हे लोक उद्या दुपारी झोपतील,” मैत्रीण म्हणाली आणि तिथेच मोबाइलवर मेल टाइप करायला लागली: लीडशिप हवी, रात्रीचे कॉल आठवड्यातून दोनदाच, दुसऱ्या दिवशी उशिरा येणार.

उत्तर काय येईल ते बघू. निदान प्रश्न तरी तिने विचारला.

कसं जाल? बँकॉकहून दक्षिणेकडच्या ट्रेनने साधारण चार-पाच तास. व्हिसाचे नियम निघण्याआधी तपासा. सोबत टोपी आणि रिकामी दुपार न्यायला विसरू नका!