वेढ्यांचा जमाखर्च

गोदाकाठी वसलेले गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. तेथील एका श्रावक कुटुंबात व्हॉल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर फडताळात पडून होता. तबकड्या ऐकण्यासाठी तो हौसेने घेणारे कर्ते पुरुष आता हयात नाहीत. मुलाच्या फोनमध्ये मात्र त्यांच्याच आवाजातील भक्तामर स्तोत्राचे ध्वनिमुद्रण आहे. ऐंशी ओलांडलेल्या आईला फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून शब्द कळत. पण तो आवाज ‘यांचा’ वाटत नसे.

मुलाने फोन तारेने ॲम्प्लिफायरला जोडला, तर आवाज क्षीण आणि त्याखाली अखंड गुणगुण. ॲम्प्लिफायर भंगारात देण्याचे जवळजवळ ठरलेच. वस्तुतः यंत्र निर्दोष होते. फोनमधून जेमतेम अर्धा व्होल्ट मिळत होता आणि ॲम्प्लिफायरला पूर्ण आवाजासाठी दोन व्होल्ट हवे होते.

हे अंतर लहानशा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरने भरून निघते. गावच्या डीपीवरील रोहित्र ११,००० व्होल्टचा दाब घरासाठी २३० व्होल्टपर्यंत उतरवते. हा ट्रान्सफॉर्मर त्याच तत्त्वाने दाब चढवतो. ते तत्त्व म्हणजे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन. दुसऱ्या वेटोळ्यात चौपट वेढे असले की अर्ध्याचे दोन व्होल्ट होतात.

ही फुकटची मिळकत मात्र नव्हे. दाब चौपट झाला की विद्युतप्रवाह चौथ्या हिश्श्यावर येतो, जमाखर्च जुळतोच. ॲम्प्लिफायरचा एक लाख ओहमचा रोध फोनला चाराच्या वर्गाने, म्हणजे सोळापट कमी, ६,२५० ओहम भासतो. ३२ ओहमचे इअरफोन सहज चालवणाऱ्या फोनला हा भार किरकोळ. शिवाय दोन्ही वेटोळी तारेने एकमेकांस जोडलेली नसल्याने चार्जरमार्गे शिरणारी गुणगुणही थांबते.

मग चौपटीऐवजी वीसपट का नको? वेढे फार वाढले की वरच्या स्वरांची स्पष्टता हरपते आणि दाब गरजेपेक्षा अधिक झाला की आवाज फाटतो. श्रावकाचारातील परिग्रह-परिमाण येथेही उपयोगी पडते : गरज तेवढेच घ्यावे.

जाणकार कारागिराने ट्रान्सफॉर्मर बसवून दिला. आईने पहिला श्लोक डोळे मिटून ऐकला. पुढच्या श्लोकाआधी त्यांचे घसा खाकरणे ऐकू आले, तेव्हा ती हसली. फोनवर ते कधी जाणवलेच नव्हते.

असा प्रयोग करू इच्छिणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. व्हॉल्व्हच्या यंत्रात दोनशे-तीनशे व्होल्टचा दाब खेळतो आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ साठून राहतो. झाकण स्वतः उघडू नये, कारागिरास बोलवावे. आणि जुनी वस्तू भंगारात देण्यापूर्वी दोष वस्तूत आहे की जोडणीत, एवढे त्याला अवश्य विचारावे.