कशावरून?

बाई गेल्याचं कळलं आणि आमच्या बॅचच्या ग्रुपवर श्रद्धांजलींची रीघ लागली. मीही ‘आमच्या ममताळू बाई’ इतकं लिहिलं आणि थांबले. बी.ए.ला असताना महानुभाव कवयित्री महदाइसेवरच्या निबंधात मी हाच शब्द वापरला होता. बाईंनी त्याखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढून समासात लिहिलं होतं, ‘कशावरून?’

तो निबंध अजून माझ्याकडे आहे. चार पानांत नऊ वेळा ‘कशावरून?’ विशेषण दिसलं की बाईंची पेन्सिल थांबायचीच. तेव्हा राग आला होता. आपण इतकं मनापासून लिहिलं आणि बाई पुरावे मागतात!

बाईंचा खरा विषय महानुभाव वाङ्मय. एकदा त्या आम्हाला अमरावतीहून एसटीने रिद्धपूरला घेऊन गेल्या. वाजेश्वरीला, जिथे लीळाचरित्र लिहिलं गेलं असं मानतात, तिथे आम्हाला बसवलं आणि पिशवीतली संत्री काढली. सोलता सोलता म्हाइंभटांबद्दल बोलू लागल्या. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी गेल्यावर हा विद्वान माणूस त्यांच्या आठवणी गोळा करत गावोगाव फिरला. ज्याने जे पाहिलं-ऐकलं ते त्याच्याच तोंडून ऐकायचं, नागदेवाचार्यांकडून पारखून घ्यायचं, मग लिहायचं. 1278च्या सुमाराचा मराठीतला तो पहिला गद्य चरित्रग्रंथ असा उभा राहिला. मूळ पोथी पुढे धाडीत गेली, पण पंथातल्या हिराइसेला ती पाठ होती म्हणून ग्रंथ वाचला, असं पंथाची परंपरा सांगते. हे सांगताना बाईंच्या हातातली फोड तशीच राहिली होती. मग म्हणाल्या, “दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितलं, तर दोन्ही लिहायचं. आपल्याला गोड वाटतं तेवढंच ठेवलं, तर माणूस हरवतो गं.”

तेराव्याला आम्ही दहा-बारा जणी जमलो. बोलता बोलता लक्षात आलं, प्रत्येकीच्या बाई निराळ्या होत्या. एक म्हणाली, बाई कडक, उशिरा आलेल्याला वर्गात घेत नसत. दुसरी म्हणाली, तिच्या गावची पहिली गाडीच उशिरा पोचायची. तिचा बुडालेला तास बाई रोज दुपारी डबा बाजूला ठेवून पुन्हा घेत, वर्षभर. त्याच बाईंनी तिसरीला तोंडी परीक्षेत रडवलं होतं, आणि ती ते अजून विसरलेली नाही. तिचं ऐकताना सगळ्या गप्प झाल्या. कुणीतरी म्हणालं, आज नको ते. मला मात्र वाटलं, आजच हवं. बाईंना आपण देवी करून फोटोत बसवलं, तर समासातली ती पेन्सिल कायमची थांबेल.

त्या रात्री मी नवी वही काढली. ज्या जे बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत, सांगणारीच्या नावासकट उतरवून काढलं. रडलेलीचंही. माझं पान सगळ्यांत शेवटी लिहिलं, आणि त्यात ‘ममताळू’ हा शब्द नाही. पिशवीत पेरू होते, असं दोघी शपथेवर सांगतात, तेही लिहिलंय.

एका गोष्टीचा उलगडा होत नाही. शेवटच्या तासाला बाईंचे डोळे भरून आले होते, असं एक मैत्रीण सांगते. मी पहिल्या बाकावर होते आणि मला ते आठवत नाही. त्या वर्गात होतात त्या सगळ्यांना माझी विनंती आहे. तुम्ही काय पाहिलंत ते मला लिहून पाठवा. आधी एकमेकींना विचारू नका.