एकाच पांढऱ्या रंगाचं जाळं

पालघरजवळच्या माहीमच्या किनाऱ्यावर भरतीच्या वेळी ऊन पसरलं की पाण्याला कुठलाही एक रंग उरत नाही. हिरव्यावर जांभळा, मध्येच पिवळा. फ्रेंच चित्रकार जॉर्ज सुराच्या 1885 सालच्या ‘बेक द्यू ओक’ या समुद्रचित्रात हेच हेरलेलं दिसतं. सुराच्या पद्धतीत रंग पॅलेटवर कालवण्याऐवजी शुद्ध रंगांचे बारीक फटकारे शेजारी-शेजारी ठेवायचे. रंग मिसळण्याचं काम पाहणाऱ्याच्या डोळ्याचं.

याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी (निधन 2018) एकट्या पांढऱ्यावर भागवलं.

त्यांच्या चित्रातलं मासेमारीचं जाळं दुरून पाहिलं तर हलतं, झुळझुळतं. जवळ गेलं की उरतात फक्त शेणाने सारवलेल्या कापडावरच्या बारीक रेघा आणि ठिपके. दाट झाले की उजेड, विरळ झाले की खोली! याला सुराचा नवदृक्प्रत्ययवाद (निओ-इम्प्रेशनिझम) म्हणता येणार नाही. सुराच्या मागे रंगशास्त्राची पुस्तकं होती, मशे यांच्या मागे सुवासिनींनी भिंतीवर लिहिलेला लग्नाचा चौक आणि त्यातली पालघाट देवी. पण विखुरलेल्या खुणांतून डोळ्याकडून चित्र पुरं करून घेण्याची हिंमत दोघांचीही.

प्रतीक शोधायचं तर ते प्रमाणात आहे. जाळं अफाट, ते टाकणारा माणूस इवलासा. समुद्राशी आपलं नातं एवढ्या नेमकेपणाने फार थोड्यांनी मांडलंय.

कुर्त्यांवर छापलेली वारली पाहून थांबू नका. मशे यांचं एखादं मूळ चित्र गाठा. आधी दहा पावलांवरून पाहा, मग अगदी जवळून.