एंटरप्राइजचे मूळ रूप कोणते?

१/ 'स्टार ट्रेक' ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत सुरू झाली. तिच्यातील 'एंटरप्राइज' या अवकाशयानाचे रूप मॅट जेफरीज यांनी घडवले. पुढे मोठी तबकडी, खाली दंडगोल आणि मागे दोन लांबट इंजिने अशी त्याची रचना. दुरुस्ती आतूनच करता यावी, या विचाराने त्यांनी यानाची काया गुळगुळीत ठेवली.

२/ मालिका १९६९ मध्ये बंद पडली. यान मात्र प्रेक्षकांच्या मनातून उतरले नाही. चाहत्यांनी पत्रांचा असा पाऊस पाडला, की १९७६ मध्ये नासाच्या पहिल्या शटलला ठरलेले 'कॉन्स्टिट्यूशन' हे नाव सोडून 'एंटरप्राइज' हे नाव देण्यात आले.

३/ १९७९ च्या चित्रपटात यानाचे रूप पालटले. त्याचे कारण कथेतच होते: अठरा महिने चाललेली पुनर्बांधणी. २०१८ मध्ये 'डिस्कव्हरी' या मालिकेत दिसलेले यान मात्र मूळ मालिकेच्या आधीच्या काळातले, तरीही रूपाने अधिक आधुनिक होते. चाहते बिथरले. हेच खरे असेल, तर १९६६ चे खोटे ठरते काय?

४/ या प्रश्नाला एक ठोस वस्तू साक्षीला आहे. चित्रीकरणात वापरलेली सुमारे ३.४ मीटर लांबीची प्रतिकृती १९७४ मध्ये स्मिथसोनियन संस्थेकडे आली. १९९१ च्या डागडुजीत तिच्यावर जोडांच्या रेषा ठळक रंगवल्या गेल्या. 'हे आमचे यान नव्हे,' अशी अनेक चाहत्यांची भावना झाली.

५/ तबकडीच्या वरच्या भागावरचा जुना रंग सुदैवाने शाबूत होता. पुढच्या जतनकार्यात तो प्रमाण मानला गेला. क्ष-किरण तपासणी झाली, चाहत्यांकडून जुनी छायाचित्रे मागवली गेली. २०१६ मध्ये प्रतिकृती पुन्हा प्रदर्शनात आली.

६/ पण कोणत्या रूपात? चित्रीकरणाच्या काळातच तिच्यात बदल झाले होते: आरंभी तिच्यात दिवे नव्हते, नंतर ते बसवले गेले. दिव्यांच्या तारा डाव्या बाजूने येत असल्याने ती बाजू अपुरीच राहिली. जतनकर्त्यांना एक क्षण निवडावा लागला. त्यांनी ऑगस्ट १९६७ निवडला.

७/ चाहत्यांच्या संतापाला पोरकटपणा म्हणून हसणे सोपे आहे. परंतु 'याला पुरावा काय?' हा त्यांचा हट्ट इतिहासाच्या शिस्तीचाच आहे. त्यांची गफलत होते ती एवढीच, की 'मूळ' म्हणजे एकच अचल रूप, असे ते धरून चालतात. वस्तू असो वा वास्तू, तिचे मूळ रूप सांगणाऱ्याने आधी तारीख सांगावी आणि तीच का निवडली, हेही सांगावे.