अक्काची गोधडी

सत्तरी ओलांडलेली माझी अक्का नॉर्वेला लेकाकडे निघाली, तेव्हा तिच्या सामानात जुनेराची एक गोधडी होती. "आई, इथे घराघरात ऊब असते गं," असं म्हणून भाचा फोनवर पोट धरधरून हसला. अक्का काही बोलली नाही. गोधडी मात्र तिच्याबरोबर आली, आणि पाठीराखा म्हणून मीही.

फेब्रुवारीत आम्ही तिघे ऑस्लोहून ट्रॉन्हाइमला निघालो. रस्ता सुमारे ५०० किलोमीटरचा, गाडी विजेची. २०२४ साली या देशात विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांत शेकडा ८९ विजेच्याच होत्या. तेव्हा नवल ते कसलं! निघण्यापूर्वी भाच्याने घरच्या विजेवर गाडी गरम करून घेतली. "मामा, बॅटरीतली वीज वाटेसाठी राखायची!"

डोंबोसला चार्जिंगपाशी ही रांग! पडद्यावर आकडा होता ११५ किलोमीटरचा आणि पुढचं ओप्पदाल सुमारे ८०. "पुरेल," भाचा म्हणाला.

पण तो आकडा म्हणजे नुसता अंदाज. बाहेर उणे १२ अंश. अशा थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. हवा दाट होते, ती कापायला जोर लागतो. बर्फात चाकं जड होतात. त्यात डोव्रफ्येलचा चढ, माथा १०२६ मीटरवर! पेट्रोलच्या गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णताच आपल्याला ऊब देते. विजेच्या गाडीत वाया फारसं काही जात नाही, म्हणून उबेचे दाम वेगळे मोजावे लागतात.

माथ्याजवळ फाटक बंद. पुढे हिमवादळ. बर्फ सारणाऱ्या ट्रकच्या मागून सगळ्या गाड्या एकदम सोडणार, तोवर थांबायचं. आकडा आता ६६ आणि ओप्पदाल अजून ५०. चाक हलत नव्हतं, तरी आकडा उतरत होता. ६४... ६१... हीटर तासाला दोन-तीन युनिट वीज खातो आणि अशा थंडीत एका युनिटात गाडी जेमतेम चार किलोमीटर जाते. भाचा मनात हाच हिशेब करत होता, मीही. पण हीटर बंद करा, असं कुणी म्हणावं? मागे दम्याची अक्का बसलेली.

अखेर तीच म्हणाली, "काय झालंय रे? दोघांची तोंडं का उतरलीत?"

भाच्याने चाचरत सांगितलं.

"मग बंद कर की!" आणि तिने गोधडी उलगडली.

हीटर बंद झाला. बैठकीखालची ऊब तेवढी चालू ठेवली. एका बैठकीला हीटरच्या विसाव्या हिश्शाचीही वीज लागत नाही. तासाभराने फाटक उघडलं. उतारावर थोडी वीज परत मिळाली, पण गारठलेली बॅटरी तीही हात आखडूनच घेते. ओप्पदालला पोचलो तेव्हा आकडा होता १४.

गाडी चार्जिंगला लावून भाचा मागे गेला आणि अक्काच्या खांद्यावरची गोधडी सारखी करू लागला. या खेपेस तो हसला नाही.

परतीच्या वेळी अक्काचं सामान हलकं होतं. गोधडी भाच्याने गाडीतच ठेवून घेतली.